जमीन, कागद आणि जोखीम : खानदेशातील दोनशे वर्षांचा हिशेब



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘स्थावर मालमत्तेतील गुंतवणूक आणि जोखमीचे व्यवस्थापन’. मी त्यांना म्हटलं, अहो, तुम्ही चुकीच्या माणसाकडे आलात. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. माझी एकूण स्थावर मालमत्ता म्हणजे या जळगावात एक घर. त्यावर ते म्हणाले, “सर, कुठे भाव वाढेल ते सांगणारे पुष्कळ आहेत. तुम्ही मागचं सांगा.” मागचं सांगायला म्हाताऱ्या माणसाला आवडतंच. म्हणून आलो. आणि माझ्या त्या एका घराचीही एक गोष्ट आहे, ती अर्धी मध्ये सांगेन आणि अर्धी शेवटी.

सुरुवात शब्दापासून करू या. ही आमची जुनी खोड. जोखीम. आपल्याकडे जुन्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. साधी हुंडी तुम्हाला माहीत असेल. जोखमी हुंडीत असं असायचं की, व्यापारी गलबतावर माल चढवायचा आणि त्या मालाच्या आधारावर हुंडी लिहून दुसऱ्या सावकाराकडून पैसे उचलायचा. माल सुखरूप पोचला, तर पलीकडचा व्यापारी त्या सावकाराला पैसे द्यायचा. गलबत बुडालं, तर हुंडीही बुडाली. पैसे मागायचे नाहीत. म्हणजे प्रवासाची जोखीम कुणाच्या डोक्यावर, हे आधीच ठरलेलं, लिहिलेलं, आणि ती घेणाऱ्याने त्याचा मोबदलाही धरून ठेवलेला.

यातून मला एक गोष्ट लक्षात येते. जोखीम नाहीशी करता येत नाही. वादळ यायचं ते येणारच. माणसाच्या हातात एवढंच असतं की ती कुणी उचलायची ते ठरवणं. हुंडीत ते उघडपणे ठरायचं. जमिनीच्या व्यवहारात मात्र ते बहुतेक वेळा गुपचूप ठरतं, आणि ज्याच्या डोक्यावर ती जाते त्याला पुष्कळदा पत्ताही नसतो. आज मला एवढंच सांगायचं आहे. पुरावा म्हणून आपला खानदेश घेतो, १८१८ पासून आजपर्यंत.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. त्या वेळी या मुलखाची अवस्था फार वाईट होती. आधीच्या पंधरा-वीस वर्षांतला दुष्काळ, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या, भिल्ल टोळ्यांचे छापे, यामुळे गावंच्या गावं ओस पडली होती. जमीन मुबलक होती, पण कसायला माणूस नव्हता. आज आपण म्हणतो, जमिनीचा भाव कधी खाली येत नाही. तेव्हा या खानदेशात काळीभोर जमीन पडून होती आणि कुणी घ्यायला तयार नव्हतं. जमिनीला मोल येतं ते तिच्यावर सुरक्षितपणे राहता येतं म्हणून, पीक घरात येतं म्हणून, बाजारपेठ आहे म्हणून. हे पहिलं ध्यानात ठेवा.

कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इथला पहिला इंग्रज अधिकारी. त्याने मुख्य ठाणं म्हणून धुळे निवडलं, कारण ते मुंबई–आग्रा रस्त्यावर आणि मुलखाच्या मध्यावर. १८१९ च्या सुमारास धुळे म्हणजे अडीच हजार वस्तीचं लहानसं गाव. ब्रिग्जने व्यापारी आणि कारागीर बाहेरून बोलावले, त्यांना घरांसाठी जागा दिल्या, नवी पेठ वसवली. व्यवहार म्हणून पाहा. ओसाड मुलखात घर बांधणं ही मोठी जोखीम. ती एकट्या व्यापाऱ्याने घेतली नसती. सरकारने ठाणं बसवलं, फौज ठेवली, रस्ता राखला, म्हणजे जोखमीतला मोठा वाटा स्वतः उचलला. मग लोक आले. धुळे वाढलं ते असं.

पण एक भागीदार असा होता की त्याला कुणी विचारलं नव्हतं. पांझरा नदी. १८७२ मध्ये पांझरेला मोठा पूर आला आणि धुळ्यात घरादारांचं फार नुकसान झालं. नदीकाठची सपाट जागा घर बांधायला सोयीची, विहिरीला पाणी जवळ, म्हणून लोक तिथे गेले. नदीने पन्नास वर्षं गप्प बसून मग आपली जागा मागितली. आजही नाल्याकाठच्या, ओढ्यात भराव टाकून केलेल्या प्लॉटवर पाटी लागलेली मी पाहतो. घेणारा उन्हाळ्यात जागा बघायला जातो. अहो, जागा बघायची तर आषाढ-श्रावणात जा. आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा, पाणी कुठपर्यंत येत होतं. त्याला काही विकायचं नसतं, म्हणून तो खरं सांगतो.

आता कागदाकडे वळू या.

इंग्रजांना सारा हवा होता. सारा ठरवायचा तर जमीन किती, कशी आणि कुणाकडे, हे कळायला हवं. म्हणून मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी बसवलेल्या पद्धतीने पैमाश सुरू झाली. शेताला नंबर द्यायचा, हद्दीचे दगड रोवायचे, क्षेत्र मोजायचं, जमिनीची प्रत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी सारा कायम करायचा. १८५२ मध्ये ही पैमाश खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातले शेतकरी उठले. हजारोंनी जमले, मोजणी होऊ देणार नाही म्हणाले. सरकारला फौज आणावी लागली, भिल्ल पलटणीची मदत घ्यावी लागली, पुढाऱ्यांना पकडावं लागलं.

आज आपल्याला नवल वाटतं. मोजणीला विरोध कशाला? मोजणी झाली तर हक्क पक्का होतो ना? पण त्या शेतकऱ्याला ठाऊक होतं की हा माणूस साखळी घेऊन आला आहे तो माझा हक्क लिहायला आलेला नाही. तो माझ्याकडून काय वसूल करायचं ते लिहायला आला आहे. आणि मित्रहो, यात तो अगदी बरोबर होता! आपल्या सगळ्या जमिनीच्या दप्तराचा जन्म साऱ्यासाठी झाला आहे. मालक कोण, हा प्रश्न त्यात दुय्यम होता. सारा कोण भरणार, हा पहिला. त्या जन्मखुणेचा परिणाम तुम्ही आजही तलाठ्याच्या कार्यालयात भोगता.

मोजणी मात्र झाली, आणि तिचा एक परिणाम कुणी फारसा ओळखला नव्हता. सारा ठरलेला, हद्द ठरलेली, खातेदाराचं नाव लिहिलेलं, जमीन विकायची आणि गहाण टाकायची मोकळीक. म्हणजे जमीन हे पहिल्यांदाच उत्तम तारण झालं. आधी सावकार पिकावर उसनं द्यायचा आणि पीक बुडालं की त्याचंही बुडायचं. आता पीक बुडालं तरी जमीन होती आणि जमिनीमागे दिवाणी कोर्ट होतं. सावकाराच्या डोक्यावरची पावसाची जोखीम उतरली. ती कुठे गेली? कुळवाड्याच्या डोक्यावर.

आणि अशा वेळी आला कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस बंद झाल्यावर इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वे खानदेशात पोचली. आपलं जळगाव पेठ म्हणून नावारूपाला आलं ते या रेल्वेमुळे आणि या कापसामुळे. खानदेशच्या शेतकऱ्याने असा पैसा कधी पाहिला नव्हता. जमिनीला भाव आला. सावकार मागेल तेवढं द्यायला तयार झाला, कारण तारणाची किंमत रोज वाढत होती.

त्याच कापसाच्या पैशाने मुंबईत काय घडलं, तेही सांगितलं पाहिजे, कारण आपल्या देशातला मोठा असा पहिला स्थावराचा सट्टा तो होता. समुद्रात भर टाकून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली बॅक बे कंपनी सर्वांत गाजलेली. तिच्या शेअरांचे भाव दर्शनी किमतीच्या कित्येक पट चढले. प्रेमचंद रायचंद हे त्या खेळातलं सर्वांत मोठं नाव. विकली जात होती ती जमीन त्या वेळी पाण्याखाली होती. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या दिवशी वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा कुणाकडेच पैसे नव्हते. पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बे पुढे मोडीत काढावी लागली.

मुंबईच्या धनिकांचं नाव इतिहासात राहिलं. खानदेशातल्या शेतकऱ्याचं राहिलं नाही. पण दोघांची चूक एकच होती. भाव चढलेला असताना, त्या चढलेल्या भावावर कर्ज काढलं. कर्जाचा आकडा कागदावर स्थिर राहतो, जमिनीचा भाव राहत नाही. १८६५ नंतर कापूस उतरला, कर्ज उतरलं नाही. मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला तो तुम्हाला शाळेत शिकवलेला आहे. त्यांनी काय जाळलं हे आठवा. प्रामुख्याने खतं जाळली. त्यांचा राग कागदावर होता. कारण ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्या अंगठ्याने त्याची जमीन गेली होती.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्यात होते. खानदेश सुरुवातीला नव्हता. त्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. खतात लिहिलं आहे तेवढंच खरं न मानता, खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासायचा अधिकार कोर्टाला दिला. हे तत्त्वज्ञानाच्या माणसाला फार महत्त्वाचं वाटतं. कागद म्हणजे सत्य नव्हे, कागद हा सत्याबद्दलचा एक दावा आहे, असं सरकारने कायद्याने मान्य केलं.

आता जरा वर्गात येऊ या. घाबरू नका, थोडाच वेळ.

आपल्या परंपरेत ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष, म्हणजे आपण पाहिलं ते. अनुमान, म्हणजे धुरावरून अग्नी. शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. आता तुम्ही प्लॉट घ्यायला जाता. हा माणूस मालक आहे हे तुम्हाला कशावरून कळतं? मालकी डोळ्यांना दिसत नाही. शेत दिसतं, विहीर दिसते, कसणारा माणूस दिसतो. म्हणजे प्रत्यक्षाने फक्त कब्जा कळतो. बाकी सगळं शब्दप्रमाण. आणि शब्दप्रमाणाची अट अशी आहे की सांगणाऱ्याला माहीत हवं आणि त्याला फसवायची इच्छा नको.

तुम्ही म्हणाल, सातबारा आहे ना. सातबारा म्हणजे काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. ही अधिकार अभिलेखाची पद्धत आपल्या इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली. आज तिला १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा आधार आहे. त्या संहितेचं १५७ वं कलम सांगतं की, ही नोंद खोटी आहे असं सिद्ध होईपर्यंत ती खरी मानायची. नीट ऐका. ‘मानायची’. हे गृहीतक आहे. फेरफाराच्या नोंदीने मालकी मिळत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. आणि खरेदीखत? १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरंच मालक आहे का, याची तो हमी देत नाही. म्हणजे आपल्या देशात मालकीच्या अंधाराची जोखीम घेणाऱ्याच्या डोक्यावर आहे. सरकारने ती उचललेली नाही.

दुसरीकडे उचलली आहे का? उचलली आहे. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स याने कायदा करून घेतला. सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक, बस. नोंद चुकली आणि कुणाचं नुकसान झालं तर भरपाई द्यायची. घेणाऱ्याला किती सोपं! आपल्याकडेही तसं व्हावं असं पुष्कळ जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट विसरू नका. ज्या ऑस्ट्रेलियात ती स्वच्छ नोंदवही उघडली, तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या आदिवासींचं नाव तिच्या पहिल्या पानावर नव्हतं. वही स्वच्छ होती, कारण त्यांना लिहिलंच नव्हतं.

इथे आणखी एका प्रमाणाकडे येतो. अनुपलब्धी. एखादी गोष्ट नाही, हे कसं कळतं? टेबलावर घागर नाही, हे मला कसं कळलं? कुमारिल भट्टांसारखे मीमांसक म्हणतात, हे वेगळं प्रमाण आहे. नैयायिक म्हणतात, नाही. त्यांचा वाद बाजूला ठेवू. पण दोघांनाही एक अट मान्य आहे. घागर दिसली नाही म्हणून ती नाही, असं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा ती असती तर नक्की दिसली असती. उजेड हवा, नजर हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

आता माझ्या घराची गोष्ट.

१९८६ साली मी शहराच्या कडेला एक प्लॉट घेतला. बिनशेती झालेली जमीन. दोघा भावांनी बापाचं शेत पाडून प्लॉट काढले होते. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, फेरफार पाहिले, सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं, बोजा नाही. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, बाकीचं कर्ज. खरेदीच्या आदल्या रात्री मी सगळे कागद टेबलावर मांडून बसलो होतो. आमच्या सौ. चहा घेऊन आल्या, कागदांकडे बघून म्हणाल्या, “अहो, यांना बहीण नाही का?” मी म्हटलं, “नाव नाही ना त्यात.” मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक! त्याच आठवड्यात बी.ए.च्या मुलांना अनुपलब्धी शिकवली होती.

बहिणीचं नाव सातबाऱ्यावर नाही. ती असती, तर तिचं नाव नक्की लागलं असतं का? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांची वारस होतीच. २००५ मध्ये तर ती जन्मापासून सहदायाद झाली. पण गावात काय व्हायचं? बाप वारला, मुलं तलाठ्याकडे जायची, वारस म्हणून आपली नावं सांगायची. चावडीवर नोटीस लागायची. बहीण पलीकडच्या तालुक्यात सासरी. ती नोटीस कोण वाचणार? आणि वाचली तरी भावाशी वैर कोण घेणार, माहेर कोण तोडणार? म्हणजे खोली अंधारी होती. मला हे सगळं माहीत होतं. पण नाव नसणं माझ्या सोयीचं होतं. हे घर पुढे बांधलं, राहायला गेलो. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी.

खानदेशात हेच नाव नसणं किती मोठ्या प्रमाणावर घडलं, ते बघायचं तर शहादा-तळोद्याकडे जावं लागतं. आज तो नंदुरबार जिल्हा. १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्यात होता. तिथल्या सुपीक पट्ट्यातल्या जमिनी भिल्ल शेतकऱ्यांच्या हातून हळूहळू गेल्या. कुणी धान्याच्या उसनवारीपोटी, कुणी गहाण म्हणून समजून विक्रीवर अंगठा दिलेला. कागद सगळे नीट होते. मग १९७०-७२ च्या काळात अंबरसिंग सुरतवंती, श्रमिक संघटना आणि त्यांच्याबरोबरचे कार्यकर्ते उभे राहिले. गेलेल्या जमिनींचा प्रश्न त्यांनी गावोगाव मांडला. सरकारला हलावं लागलं. १९७४ मध्ये महसूल संहितेत ३६-अ कलम आलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाही, असा तो दंडक. आणि त्याच्याबरोबर दुसरा कायदा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या आदिवासींच्या जमिनी परत द्यायच्या.

विचार करा. एखाद्याने १९६० साली जमीन घेतली. खरेदीखत नोंदलेलं. सातबारा नावावर. पंधरा वर्षं कसली, विहीर खणली. आणि मग कायदा म्हणाला, परत द्या. तो म्हणाला असेल, हा माझ्यावर अन्याय. त्यांत काही जण खरोखर प्रामाणिक असतील. पण मी असं म्हणतो की, जोखीम त्या व्यवहारात पहिल्या दिवसापासून होती. स्वस्त भावात मिळाली ती त्या जोखमीमुळेच. पंधरा वर्षं ती आदिवासी कुटुंबाने उपाशी राहून उचलली, आणि मग ती जिथून निघाली होती तिथे परतली. जमीन बाजारभावापेक्षा फार स्वस्त मिळत असेल तर आनंद व्हायच्या आधी स्वतःला विचारा, उरलेली किंमत कोण भरतो आहे?

जळगावचं अलीकडचं उदाहरण घेतलं नाही तर तुम्ही म्हणाल सरांनी टाळलं. घरकुल. १९९० च्या दशकात नगरपालिकेने गरिबांसाठी अकरा हजारांवर घरांची योजना काढली. पूर्ण झाली ती दीड हजारांच्या आसपास. २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यावर पुढे अपिलं गेली. ते न्यायालयाचं काम आहे. मी नावं घेत नाही, मला व्यक्तींबद्दल बोलायचं नाही. माझा प्रश्न आपला नेहमीचाच. जोखीम कुणी उचलली? ज्याला घर मिळणार होतं तो झोपडीत राहिला. आणि शहराच्या डोक्यावर हुडकोचं कर्ज वर्षानुवर्षं बसलं. रस्त्यात खड्डा दिसला की आपण म्हणायचो, पैसे कर्जात चालले. योजना करताना त्या माणसाला आणि या शहराला कुणी विचारलं होतं, की बाबांनो, हे फसलं तर तुम्ही भरणार का?

खाजगी बिल्डरच्या बाबतीत आता थोडं बरं आहे. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा प्राधिकरण काम करतं. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. म्हणजे बांधकाम रखडण्याची जोखीम थोडी तरी बांधणाऱ्याकडे सरकली. चांगली गोष्ट आहे. पण शहराच्या कडेला शेत पाडून, स्टॅम्पपेपरवर गुंठा-दोन गुंठे विकणारे अजून आहेत. अशा वस्त्या नियमित करायला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, पुढे त्याची मुदतही वाढवली. त्यामुळे लोक म्हणतात, घ्या आता, सरकार पुढे नियमित करेलच. करेलही. पण तोपर्यंत रस्ता नाही, नळ नाही, बँक कर्ज देत नाही. सरकारच्या पुढच्या दयेवर आजचे पैसे लावणं, याला गुंतवणूक म्हणू नका.

मग करायचं काय? तरुण मंडळी मला विचारतात, सर, घ्यायचं की नाही? घ्या. डोक्यावर छप्पर हवंच. पण मी माझ्या मुलाला जे सांगितलं तेच सांगतो. जागेवर जा, पावसाळ्यात जा, आणि ती खरोखर कुणाच्या ताब्यात आहे ते डोळ्यांनी पाहा. सातबारा, फेरफार, शहरात मिळकत पत्रिका, तीस वर्षांचा शोध, हे सगळं करा. आणि मग फेरफार वाचताना थांबून विचारा की इथे कुणाचं नाव असायला हवं होतं आणि नाही. बहीण, विधवा सून, कूळ, आदिवासी मूळ मालक. जमिनीची शर्त काय, नवीन शर्तीची आहे का, वतनाची होती का, ते बघा. कर्ज एवढंच काढा की भाव वर्षानुवर्षं तसाच राहिला किंवा उतरला, तरी हप्ता पगारातून जाईल; १८६५ चा कापूस आठवा. आणि सगळी पुंजी एकाच तुकड्यात घालू नका. आमच्या पिढीने ती घातली, कारण आम्हाला दुसरं काही ठाऊक नव्हतं. जमीन अडीअडचणीला पटकन विकता येत नाही. घरात आजारपण आलं की मग ती पडत्या भावाने द्यावी लागते, आणि ते हेरणारे लोक गावात असतात.

आता राहिलेली गोष्ट.

घर बांधून तीन वर्षं झाली होती. एका दुपारी फाटकाशी एक बाई उभी होती. पन्नाशीच्या आसपास, हातात कापडी पिशवी. पाणी मागितलं. ओट्यावर बसली. मग म्हणाली, “सर, हे आमच्या बापाचं शेत. इथे आंब्याचं झाड होतं.” आणि हाताने जागा दाखवली, तिथे आमचं स्वयंपाकघर होतं.

ती भांडायला आली नव्हती. भावांना उरलेली जमीन विकायची होती, आता घेणाऱ्याच्या वकिलाने हुशारीने बहिणीचं हक्कसोडपत्र मागितलं होतं, आणि सही करायच्या आधी आधीचं काय काय विकलं ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. माझ्या पत्नीने तिला जेवायला वाढलं. मी आत येऊन बसलो. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो घर जाईल की काय याचा. ती उपाशी आली असेल, हा विचार पत्नीच्या मनात आला.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, बाईंचा हिस्सा निघतो. त्या कोर्टात गेल्या नाहीत तोवर तुम्ही गप्प बसा. व्यवहाराचा सल्ला बरोबर होता. पण तो सल्ला म्हणजे पुन्हा तेच : जोखीम तिच्याच डोक्यावर राहू द्या. आम्ही दोघा नवरा-बायकोने रात्रभर विचार केला. मग तिला तिच्या हिश्श्यापोटी काही रक्कम दिली आणि तिचं संमतीपत्र रीतसर नोंदवून घेतलं. ती रक्कम पुरेशी होती का? नव्हती. माझ्याकडे तेव्हा होती तेवढी होती. भावांनी काही दिलं की नाही, मला ठाऊक नाही. ती पुढे दोनदा आली, एकदा नातवाला घेऊन. आंबा कुठे होता ते त्याला दाखवायला.

लोक विचारतात, सर, तुमच्या घराचा आजचा भाव काय? चांगला आहे. पण त्यातली सर्वांत मोलाची चीज कोणती, असं विचाराल, तर कपाटातल्या फायलीतलं ते दोन पानांचं संमतीपत्र. त्यावर तिची सही आहे. सावकाश, एकेक अक्षर काढून केलेली. खरेदीच्या आदल्या रात्री पत्नीने विचारलेला प्रश्न मी ऐकला असता, तर ती सही तीन वर्षांहून अधिक आधी झाली असती आणि तिला पूर्ण हिस्सा मिळाला असता. तेव्हा कागद बघायला बसाल तेव्हा घरच्या बाईला शेजारी बसवा. आणि तिने काही विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी उठून चौकशीला जा.

एवढंच सांगायचं होतं. कुणाला प्रश्न असतील तर जरूर विचारा, थोडं मोठ्याने बोला मात्र. नमस्कार.